स्फोटकांच्या कारखान्यासाठी हॅझॉप : ग्राहकांसाठी माहिती

पावसाळ्यात वीज जाते, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही. पण इमल्शन स्फोटके (अमोनियम नायट्रेटचे गरम द्रावण तेलात घोटून केलेला माल) बनवणाऱ्या कारखान्यात ती गेली, की पुढे काय होते ते पाहा. अमोनियम नायट्रेटचे ८५ टक्क्यांचे द्रावण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की खडे धरू लागते. पाइप तुंबतो. वीज परत येते, पंप आपोआप सुरू होतो आणि पुढे वाट नसल्याने आतला माल जागच्या जागी घुसळत राहतो. तो तापतो, त्यातले पाणी उडते, आणि बंदिस्त जागेत तापलेले इमल्शन स्फोट करू शकते. जगभरात इमल्शनचे अनेक गंभीर स्फोट पंपातच सुरू झाले आहेत.

"वीज परत आल्यावर पंप कोण सुरू करतो?" हा प्रश्न अपघाताआधी विचारण्याची पद्धत म्हणजे हॅझॉप (हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडी). ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात ती आकाराला आली. प्लांटचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला ठरलेले शब्द लावायचे: नाही, जास्त, कमी, उलट, आणखी काही, भलतेच काही. प्रवाह नाही. तापमान जास्त. द्रावणाबरोबर आणखी काही आले. मग कारण काय, परिणाम काय, आज त्याला आडवे काय येते आणि तेवढे पुरे आहे का, हे एकेक करून लिहायचे.

स्फोटकांच्या बाबतीत मात्र पाइप आणि व्हॉल्व्हवर थांबून चालत नाही, कारण बरेचसे काम हातांनी होते. शोभेच्या दारूच्या शेडमध्ये मिश्रण चाळणे, भरणे, उचलून नेणे या प्रत्येक पायरीला आम्ही तेच शब्द लावतो. "जास्त" म्हणजे पहिला डबा हलवण्याआधी दुसरा आणला. "भलतेच" म्हणजे लाकडी फावडे मोडले म्हणून लोखंडी घेतले. शेडच्या दारावर माणसांची आणि मालाची मर्यादा लिहिलेली असते. चतुर्थी आणि दिवाळीआधीच्या घाईत ती पाळली जाते का, हे फलकावरून कळत नाही. ते तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक असते.

म्हणूनच आमची एक अट आहे: बैठकीला ऑपरेटर आणि फिटर हवेतच. चर्चा मराठी-कोंकणीत होते. इंग्रजीत चाललेल्या बैठकीत वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस मान डोलावून गप्प बसतो, आणि नेमकी त्याचीच गोष्ट ऐकायची राहून जाते. अहवाल इंग्रजीत देतो, पण कामाच्या जागेशी संबंधित भाग मराठीतही लिहून देतो.

"गोव्याची हवा दमट, इथे स्थिर विजेची भीती नाही," असे आम्हाला पुष्कळदा सांगतात. हे अर्धेच खरे आहे. बारूद ओलसर होऊ नये म्हणून खोलीतली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते. बाहेर आषाढाचा पाऊस असला तरी आत कपड्यांवर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर स्थिर वीज साठते. दमट हवेचा उलटा त्रासही आहे. ३० अंशांना आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास गेली की अमोनियम नायट्रेट पाणी ओढू लागते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. गोदामात त्याची ढेकळे होतात, आणि ती कशाने फोडता हा आमचा ठरलेला प्रश्न असतो. १९२१ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे अमोनियम नायट्रेट मिसळलेल्या खताचा घट्ट बसलेला ढीग सुरुंगाने सैल करायला गेले आणि ५०० हून अधिक माणसे मेली.

हॅझॉप काय करत नाही, तेही स्पष्ट सांगतो. स्फोटक नियम, २००८ मधली सुरक्षित अंतरे त्याने एक मीटरनेही कमी होत नाहीत. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) परवान्याला तो पर्याय नाही. "असे क्वचितच घडते" म्हणून एखादी ओळ आम्ही खोडत नाही. या धंद्यात क्वचित घडणारी गोष्टच माणसे नेते.

इमारत उभी राहिल्यावर बोलावलेत तरी आम्ही येऊ, पण भिंत हलवण्यापेक्षा नकाशावरची रेघ हलवणे स्वस्त पडते. चालू कारखान्यात पंप, कच्चा माल किंवा काम करण्याची रीत बदलली, तर तेवढ्या भागाचा अभ्यास पुन्हा करा. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला नादुरुस्त रिॲक्टरच्या जागी बसवलेला तात्पुरता पाइप फुटला आणि २८ जण गेले. तो पाइप बसवताना कुणी नीट तपासला नव्हता.

येण्याआधी आम्हाला आजच्या स्थितीचा पाइपिंगचा नकाशा, कामाच्या लेखी पायऱ्या, प्रत्येक रसायनाचे सुरक्षापत्रक आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंदवही लागेल. नोंदवही कोरी असेल तर कोरीच पाठवा, बैठकीच्या आदल्या दिवशी भरू नका. नकाशा आणि प्लांट जुळतात का, हे पहिल्या दिवशी फिटरला सोबत घेऊन आम्ही स्वतः पाइपाशेजारून चालत पाहतो. जुळत नसतील तर आधी नकाशा दुरुस्त होतो, आणि बैठक त्यानंतर बसते.