धुरा एक, रेघा दोन

आमच्या परभणीकडं दोन शेतांच्या मधल्या मातीच्या पट्ट्याला धुरा म्हणतात. कागदोपत्री तो बांध. दरसाल नांगराचं एखादं तास जास्तीचं घालून धुरा कोरणारे महाभाग प्रत्येक गावात असतात, आणि मोजणी आली की निम्मं गाव तमाशा बघायला धुऱ्यावर जमतं. दोन इंच कुणाचे यावरून माणसं डोकी फोडतात, पण धुरा एकच आहे आणि तो दोघांत मिळून आहे, हे दोन्हीकडच्यांना मान्य असतं.

संगणकाला ते मान्य नाही. त्याच्या हिशेबी मधे धुरा नसतोच. फक्त दोन शेतं असतात आणि प्रत्येकाची आपापली कड.

हे मला कळलं ते पुतणीमुळं. मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला, कॉलेजात लावायला ती मराठवाड्याचा नकाशा करत होती. खाली उपग्रहाचं चित्र आणि वर जिल्ह्यांच्या नुसत्या कडा, असा तिचा बेत. रंग भरला की गोदावरी झाकते, जायकवाडीचं पाणी झाकतं, बालाघाटाचे डोंगर झाकतात. मग खाली चित्र ठेवून उपयोग काय? तिनं क्यूजीआयएस घेतलं. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून जगभरची मंडळी मिळून ते वाढवतायत. त्यात भराव, म्हणजे आतला रंग, बंद केला, कडेला तुटक रेघ दिली, आणि मला हाक मारली.

“काका, सगळ्या जिल्ह्यांना एकच सेटिंग दिलंय. बाहेरची रेघ बरोबर तुटक आलीय. आतली मात्र कुठं तुटक, कुठं सलग, कुठं नुसते गठ्ठे. असं का?”

मी चष्मा पुसून बघितलं. खरंच होतं. परभणी-हिंगोलीच्या मधली रेघ जवळजवळ अखंड, आणि परभणी-जालन्याच्या मधली मोडक्या कुंपणासारखी.

नकाशाच्या फाइलमध्ये जिल्हा म्हणजे बिंदूंची एक लांबलचक यादी. प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांश. एका बिंदूपासून निघायचं, ओळीनं एकेक बिंदू जोडत जायचं आणि शेवटी निघालो तिथंच परत यायचं. या बंद आकाराला पॉलिगॉन म्हणतात. परभणीची यादी वेगळी, हिंगोलीची वेगळी. ‘परभणी आणि हिंगोली यांच्यामधली सीमा’ नावाची वस्तू त्या फाइलमध्ये कुठंच नसते. सॉफ्टवेअर आधी परभणीची कड पूर्ण काढतं, मग हिंगोलीची, आणि जिथं दोन्ही जिल्हे लागून आहेत तिथं एकाच जागेवर दोन रेघा पडतात. तुटक रेघेतल्या मोकळ्या जागा मोजायला प्रत्येक जिल्हा आपापल्या पहिल्या बिंदूपासून सुरुवात करतो. एकाची मोकळी जागा दुसऱ्याच्या तुकड्यानं बुजते.

त्यात आणखी एक गंमत. शेपफाइल नावाचा नकाशाच्या फाइलीचा जुना आणि आजही सगळीकडं चालणारा प्रकार आहे, त्यात बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं काढायचा नियम आहे. म्हणजे प्रदक्षिणाच: आपला जिल्हा उजव्या हाताला ठेवून चालायचं. आता दोन शेजारी आपापल्या शेताला प्रदक्षिणा घालायला निघाले तर सामाईक धुऱ्यावर ते समोरासमोर येणार. एक उत्तरेकडं चाललेला, दुसरा दक्षिणेकडं. त्यांची पावलं जुळणार कशी? (जिओजेसन या वेबवरच्या प्रकारात २०१६ च्या नियमानुसार नेमकं उलटं, बाहेरची कड घड्याळाच्या विरुद्ध. एकाच जगात दोन पंथ.)

रेघ सलग ठेवून थोडी पारदर्शक केली तर हा प्रकार आणखी उघडा पडतो. निम्मी पारदर्शक रेघ खालचं ५० टक्के झाकते. तिच्यावर तशीच दुसरी आली की उरलेल्यातलं निम्मं झाकलं जातं, म्हणजे एकूण ७५ टक्के. परिणामी आतल्या सीमा गडद आणि मराठवाड्याची बाहेरची कड, जी ठळक दिसायला हवी, तीच फिकट. आणि जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा रंग दिला तर जो शेवटी काढला त्याचा रंग वर राहतो. नांदेडनं हिंगोलीचा धुरा कोरल्यासारखं दिसतं. निदान या भांडणावर इलाज सोपा आहे. एरवी रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. ती फक्त पॉलिगॉनच्या आतच काढ, असं क्यूजीआयएसला सांगता येतं. मग दोन रंग शेजारी-शेजारी नांदतात.

तुटक रेघेला मात्र हा इलाज पुरत नाही. तिथं धुरा ही वेगळी वस्तू म्हणून तयारच करावी लागते. पॉलिगॉनच्या कडा सुट्या रेषा करायच्या, त्या सगळ्या एकत्र विरघळवायच्या, म्हणजे तंतोतंत एकावर एक असलेल्या दोन रेघांची एक होते. अट एवढीच की त्या तंतोतंत एकावर एक असल्या पाहिजेत. खरी कहाणी इथून सुरू झाली.

पुतणीला मराठवाड्याची एक जाड बाह्यरेषाही हवी होती. फाइलमध्ये जिल्हे होते, मराठवाडा नव्हता. असे प्रदेश स्वतः घडवावे लागतात: आठ जिल्हे निवडायचे आणि ‘डिझॉल्व्ह’ द्यायचं, की आतल्या भिंती पडून एकच वाडा उरतो. तिनं दिलं. वाडा झाला, पण आत भेगा राहिल्या. गोदावरीच्या काठानं, अंबड आणि गेवराईच्या मधे, केसासारख्या बारीक फटींची माळ. मोठं करून बघितलं तर काही फटी पाचपन्नास मीटर रुंद, काही ठिकाणी उलट बीड जालन्यावर चढलेलं.

कारण साधं आहे. तिथं जिल्ह्याची हद्द नदीसोबत जाते आणि नदी वळणावळणाची. जालन्याची कड कुणीतरी जवळजवळ बिंदू देत बारकाईनं काढलेली, बीडची कुणीतरी दूरदूर बिंदू देत उरकलेली. दोन्ही फाइली तिनं वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून उतरवल्या होत्या. प्रत्येक आपल्या जागी ठीक दिसते, पण शेजारी ठेवली की मधे कुणाचंच नसलेलं रान उरतं. नदी तरी बरी, ती पाण्यानं भरलेली असते. या फटीत काहीच नाही. तिथला एखादा बिंदू दिला तर सॉफ्टवेअर शांतपणे सांगतं की हा बिंदू कुठल्याच जिल्ह्यात नाही.

चांगल्या फाइलीही अशा बिघडवता येतात. वेबवर पटकन उघडावं म्हणून बिंदू कमी करतात. त्याची १९७३ मधली डग्लस आणि प्यूकर यांची रीत आजही चालते, आणि ती दोरी घेऊन अंगणात करून बघण्यासारखी आहे. वळणदार रेघेच्या दोन टोकांना दोरी ताणायची. दोरीपासून सगळ्यात लांब गेलेला बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या अंतराच्या आत असेल तर मधले सगळे बिंदू पुसून टाकायचे. बाहेर असेल तर तो ठेवायचा, तिथं दोरीला गाठ मारायची आणि दोन्ही तुकड्यांवर पुन्हा हेच. पण प्रत्येक जिल्हा वेगळा घेऊन ही दोरी ताणली तर टोकं वेगळी पडतात, वेगळे बिंदू उरतात, आणि काल जुळलेल्या कडा आज फाटतात.

यावरचा खरा तोडगा म्हणजे सामाईक बांधाची नोंद वेगळी ठेवणं. आधी प्रत्येक सीमेचा तुकडा एकदाच लिहायचा आणि त्याला क्रमांक द्यायचा. मग जालना म्हणजे अमुक-अमुक क्रमांकाचे तुकडे आणि बीड म्हणजे तमुक-तमुक, एवढंच नोंदवायचं. गोदाकाठचा तुकडा दोघांच्या यादीत येतो, बीडला फक्त तो उलटा वाचायचा असतो. बिंदू कमी केले तरी दोघांचे सारखेच कमी होतात. या विचाराला टोपोलॉजी म्हणतात. २०१२ मध्ये आलेला टोपोजेसन हा फाइलीचा प्रकार याच तत्त्वावर चालतो, आणि त्यानं फाइलही बरीच लहान होते, कारण धुरा दोनदा लिहावा लागत नाही. माझ्या मते जिल्ह्यांच्या सीमा वाटायच्याच असतील तर अशाच वाटाव्यात. पण सगळीकडं शेपफाइलच फिरते. आपण फटी बुजवत बसतो.

तिनं बुजवल्या. दोन संध्याकाळी गेल्या.

रेघेच्या जाडीबद्दलही लोक बेफिकीर असतात. वेबवरच्या नेहमीच्या नकाशात सातव्या झूमला, म्हणजे साधारण सगळा मराठवाडा एका नजरेत येतो तेव्हा, आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे ११५६ मीटर. दोन पिक्सेलची नाजूक रेघ प्रत्यक्षात सव्वादोन किलोमीटरहून रुंद. तिच्याखाली अख्खं गाव मावतं. दहाव्या झूमलाही तीच रेघ २९० मीटरच्या आसपास भरते. आता महसूल मंडळांचा नकाशा आठवा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. ज्याचं शेत नेमकं त्या रेघेखाली आहे तो मोबाइल डोळ्याला लावून बसणारच.

सॉफ्टवेअर मात्र जाडी बघत नाही. शेत आत की बाहेर हे ठरवायची त्याची युक्ती अशी: शेतातून एका दिशेला नाकासमोर चालत सुटायचं आणि मंडळाची कड किती वेळा ओलांडली ते मोजायचं. विषम वेळा ओलांडली तर शेत आत होतं, सम वेळा तर बाहेर. हद्द कितीही वेडीवाकडी असो, हिशेब चुकत नाही.

वेबवर नुसत्या कडा दाखवणाऱ्यांना आणखी एक ठेच हमखास लागते. जिल्ह्यावर बोट ठेवलं की माहिती उघडावी असं केलेलं असतं, आणि भराव काढला की ते बंद पडतं. बोट बरोबर रेघेवर पडलं तरच उघडतं. कारण ‘भराव नाही’ आणि ‘पूर्ण पारदर्शक भराव’ या ब्राउझरच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आत काही नाहीच, दुसऱ्यात न दिसणारी काच आहे. काच बसवायची.

आणि रंग. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात आपली काळी रानं खरोखर काळपट दिसतात, त्यावर काळी रेघ हरवते. सप्टेंबरच्या चित्रात सोयाबीन-कापसाचा हिरवा, तिथं हिरवी गेली. म्हणून खाली जाड पांढरी आणि तिच्यावर बारीक गडद अशी दुहेरी रेघ द्यायची. भिंतीवर चुन्याचा पट्टा ओढून त्यावर गेरूनं लिहावं तसं. बाराही महिने वाचता येते.

क्षेत्रफळ काढताना किनवटनं घोळ घातला. मीटरमध्ये मोजायला पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे मानतात, त्यातल्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची शीव ७८ अंश रेखांशावर आहे. जवळजवळ सगळा मराठवाडा ४३ मध्ये बसतो, किनवट शहर मात्र ४४ मध्ये. (याच ७८ अंशांच्या आसपास लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडून मोजणीची साखळी वर आणली होती. तो १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. पुढं त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टनं ते काम उचललं.) सगळा प्रदेश ४३ मध्येच धरला तर किनवटच्या मापात पडणारा फरक इतका किरकोळ असतो की आम्ही तो सोडून दिला.

नावांनी जास्त छळलं. एका तक्त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद, दुसऱ्यात २०२३ नंतरचे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत एक, बाकीकडं दुसरं. नावांवरून तक्ते जोडले की तीन जिल्हे रिकामे राहिले. जनगणनेचे क्रमांक वापरल्यावर सुटलं: २०११ च्या यादीत बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. क्रमांकाचं नामांतर होत नाही.

मग तिला १९४८ चा मराठवाडाही शेजारी दाखवायचा होता. तेव्हा जिल्हे पाच. तिनं जालना (१९८१ चा) औरंगाबादेत, लातूर (१९८२ चा) उस्मानाबादेत आणि हिंगोली (१९९९ चा) परभणीत मिसळून पाच आकार केले आणि खाली ‘१९४८’ लिहिलं. मी थांबवलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. आजच्या कडा जोडून कालची हद्द मिळत नाही, कारण विरघळवताना फक्त आतल्या भिंती पडतात. बाहेरची कड आजचीच राहते. शेवटी ‘१९४८’ पुसलं आणि ‘जुने पाच जिल्हे, आजच्या सीमांनुसार’ असं लिहिलं. लांबलं, पण खोटं नव्हतं.

नकाशा लागला. फ्लेक्स सहा फुटांचा, बाहेर एकच जाड रेघ, आत खरोखर तुटक असलेल्या तुटक रेघा, गोदाकाठी एकही भेग नाही. तिच्या सरांनी बराच वेळ बघितला आणि धाराशिवच्या पश्चिम अंगावर बोट ठेवलं. तिथं बाह्यरेषा एकदम आत घुसली होती, कुणीतरी घास तोडल्यासारखी.

“हे बघ, इथं चुकलंय तुझं.”

“नाही सर, ती बार्शी आहे.”

बार्शी सोलापूर जिल्ह्यात. एका बाजूला परंडा, वर भूम, पलीकडं धाराशिव. तीन बाजूंनी मराठवाडा आणि मधे ती. एकेकाळी ती इंग्रजांच्या मुलखात आणि भोवती निजामाची मोगलाई, त्या हद्दीचा तो दात अजून तसाच आहे. सर हसले आणि त्यांनी बोट काढलं.