उजव्या मेंदूचा गैरसमज

कलेतून मनःस्वास्थ्य कसे लाभते हे सांगणाऱ्या पुस्तकांतून एक समजूत वर्षानुवर्षे फिरत आली आहे: उजवा मेंदू कलावंताचा, डावा हिशेबी माणसाचा. तिचे मूळ अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनात आहे, ज्याला १९८१ साली नोबेल मिळाले. परंतु त्यातील माणसांवरचे प्रयोग अपस्मारावरील उपचार म्हणून दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पूल छेदलेल्या मोजक्या रुग्णांवर झाले होते. भाषेसारखी काही कामे एका बाजूला अधिक होतात, हे खरे. माणसे मात्र तशी विभागलेली नसतात. २०१३ साली युटा विद्यापीठाने हजाराहून अधिक मेंदूंची छायाचित्रे तपासली, तेव्हा एकाच बाजूचे वर्चस्व असलेली माणसे आढळली नाहीत. साधा पेला काढतानाही डोळा कडेचा बाक जोखतो, बोटे पेन्सिलीचा दाब सांभाळतात आणि मघाची चुकलेली रेघ आठवून हात वळतो. हे सारे एकट्या उजव्या बाजूचे काम नव्हे.

या समजुतीपायी ‘आपला तो पिंड नाही’ म्हणत कितीतरी जण रंगांपासून दूर राहतात, याचे मला फार वाईट वाटते. २०१६ साली ड्रेक्सेल विद्यापीठाने ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलाकृती करायला दिली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण उतरले, आणि पूर्वानुभवाने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, म्हणून याला उपचार म्हणता येणार नाही.