२४, ३२४, ३२०० : ब्लॅक होलच्या आतली मोजदाद

आधी या संख्या बघा. १, २४, ३२४, ३२००, २५६५०, १७६२५६. पुढची संख्या ओळखा म्हणून परीक्षेत आल्या तर भल्याभल्यांची विकेट पडेल, पण मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या फिजिक्समधली सगळ्यात सुंदर यादी हीच. एका खास प्रकारच्या ब्लॅक होलच्या आत किती शक्यता दडलेल्या असतात त्याचा हा हिशोब आहे, आणि ज्या अवस्था यात मोजल्यात त्यांना जगभरात दाभोलकर-हार्वी अवस्था म्हणतात. दाभोलकर म्हणजे अतीश दाभोलकर, आपल्या गडहिंग्लजचे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अनेक वर्षं होते, आणि २०१९ साली इटलीतल्या त्रिएस्तच्या आयसीटीपीचे डायरेक्टर झाले, म्हणजे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभी केलेली ती सैद्धांतिक फिजिक्सची संस्था. मराठीत ही गोष्ट जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

सुरुवात चहापासून. प्रिन्स्टनला जॉन व्हीलर नावाचे मोठे प्रोफेसर होते, त्यांनी १९७० च्या सुमारास याकोब बेकेनस्टाईन या आपल्या विद्यार्थ्यापुढे एक कोडं टाकलं. गरम चहा आणि गार चहा एकत्र केला की जगातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, थोडी वाढते आणि ती परत कमी करता येत नाही, हा नियम पक्का. पण समजा ते कप उचलून ब्लॅक होलमध्ये टाकले तर? कपही गेले, चहाही गेला आणि वाढलेली एन्ट्रॉपीपण गेली, मग नियमाचं काय झालं? बेकेनस्टाईन विचार करून परत आला आणि म्हणाला की एन्ट्रॉपी कुठेही जात नाही, ती ब्लॅक होललाच मिळते, आणि किती मिळाली ते ब्लॅक होलच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून कळतं.

इथे थोडं थांबा, कारण क्षेत्रफळ हा शब्द फार विचित्र आहे. पोत्यात किती धान्य मावेल ते पोत्याच्या आतल्या जागेवर ठरतं ना, पोत्याला किती कापड लागलं यावर नाही. ब्लॅक होलचा हिशोब मात्र कापडावर चालतो. स्टीफन हॉकिंगला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं, तो खोडून काढायलाच बसला, आणि १९७४ साली त्याच्याच गणितातून निघालं की ब्लॅक होल खरंच तापलेलं असतं, त्यातून बारीक किरणोत्सर्ग येतो, आणि एन्ट्रॉपी म्हणजे क्षेत्रफळाचा बरोब्बर पाव भाग (क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या चौरसांत मोजायचं, आणि प्लांक लांबी म्हणजे साधारण एका मीटरचे १ वर ३५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक-दीड तुकडा). सूर्याएवढ्या वजनाचं ब्लॅक होल केलं तर ते फक्त ३ किलोमीटर त्रिज्येचं होईल, पण त्याची एन्ट्रॉपी १ वर ७७ शून्यं एवढी. आत्ताच्या आपल्या सूर्याची आहे १ वर ५८ शून्यं. फरक बघा!

क्षेत्रफळाची गोष्ट नुसती कागदावरची नाहीये. ब्लॅक होलं एकत्र आली की एकूण क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही हे हॉकिंगने १९७१ मध्येच दाखवलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने पहिल्यांदा गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे हेलकावे, पकडल्या, त्यात साधारण ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची दोन ब्लॅक होलं मिळून ६२ सूर्यांचं एक झालं, उरलेले ३ सूर्य लहरी होऊन गेले. म्हणजे वजन घटलं. पण क्षेत्रफळ वजनाच्या वर्गाप्रमाणे जातं, तेव्हा ३६ चा वर्ग १२९६, २९ चा ८४१, बेरीज २१३७, आणि ६२ चा वर्ग ३८४४. नवीन ब्लॅक होल स्वतःभोवती फिरत असल्याने आकडा थोडा खाली येतो, तरी भरपूर जास्तच राहतो. २०२१ मध्ये त्याच लहरीच्या डेटावरून हे नीट तपासलं गेलं आणि नियम टिकला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय ना, त्याच्याकडूनही असेच हिशोब यायचेत.

आता खरा प्रश्न. एन्ट्रॉपी म्हणजे मुळात मोजणी असते. चिवड्याचा डबा उघडला की वरून तो चिवडाच दिसतो, डबा थोडा हलवा, तरी चिवडाच. पण आत प्रत्येक शेंगदाणा, प्रत्येक डाळं, प्रत्येक पोहा वेगळ्या जागी गेलेला असतो. बाहेरून एकसारखं दिसणाऱ्या अशा किती वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत, त्या आकड्याचा लॉगॅरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. व्हिएन्नात लुडविग बोल्ट्झमनच्या थडग्यावर हेच सूत्र कोरलंय. मग ब्लॅक होलला एन्ट्रॉपी आहे तर त्याच्या आतले शेंगदाणे कुठले? आइनस्टाईनच्या थिअरीत ब्लॅक होल म्हणजे गुळगुळीत गोळा, वजन, विद्युतभार आणि फिरणं सांगितलं की संपलं, मोजायला आत काही नाहीच. हॉकिंगचं सूत्र सांगतं मांडण्या किती आहेत, पण कशाच्या आहेत ते सांगत नाही. जवळजवळ वीस वर्षं हे कोडं तसंच पडून होतं.

इथे स्ट्रिंग थिअरी येते. तिचं म्हणणं असं की सगळ्यात मूलभूत वस्तू कण नसून अतिसूक्ष्म तार आहे आणि तिचं कंपन जसं तसा कण दिसतो. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही वाजतात, तसंच इथे, फक्त क्वांटम असल्यामुळे ऊर्जा सुट्ट्या नाण्यांसारखी मिळते. पहिल्या स्वराला १ नाणं, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. आणि दाभोलकर आणि जेफ्री हार्वी यांनी १९८९ मध्ये ज्या तारेचा विचार केला ती २४ वेगवेगळ्या प्रकारे कंप पावू शकते. आता खिशात १ नाणं असेल तर पर्याय २४. नाणी २ असतील तर? एकतर दोन्ही नाणी दुसऱ्या स्वरावर घाला, २४ पर्याय. नाहीतर पहिला स्वर दोनदा वाजवा, दोन्ही वेळा एकाच प्रकारे म्हणजे २४, किंवा दोन वेगळ्या प्रकारे म्हणजे २४ गुणिले २३ भागिले २, २७६. बेरीज करा, ३२४. वरची यादी अशी येते, तीन नाण्यांसाठी ३२०० स्वतः करून बघा, कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत येतं आणि आल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच.

आणि यात रामानुजन आहे! एखादी संख्या किती प्रकारे तोडता येते (४ म्हणजे ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, एकूण ५ प्रकार) हे रामानुजन आणि केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी १९१८ मध्ये सूत्रात बांधलं, १०० साठी उत्तर आहे १९,०५,६९,२९२. आपली तार म्हणजे हेच गणित २४ रंगांत. शिवाय रामानुजनने १९१६ मध्ये अभ्यासलेली एक श्रेणी आहे, १, −२४, २५२, −१४७२ अशी जाणारी, तिला उलटं केलं, म्हणजे १ भागिले ती श्रेणी केलं, की आपली यादी मिळते. ताळा सोपा आहे, २४ गुणिले २४ म्हणजे ५७६, त्यातून २५२ वजा केले की ३२४. रामानुजन गेला १९२० मध्ये, तेव्हा ब्लॅक होल हा शब्दसुद्धा नव्हता.

नाणी खूप झाली की यादीतल्या संख्येचा लॉगॅरिदम जवळजवळ ४ पाय गुणिले नाण्यांचं वर्गमूळ एवढा होतो (पाय म्हणजे वर्तुळातला तो ३.१४ वाला π). मग एवढी ऊर्जा एका तारेत कोंबली, गुरुत्वाकर्षण वाढवलं आणि तिचं ब्लॅक होल झालं, तर त्याचं क्षेत्रफळ याच्याशी जुळतं का? अशोक सेन यांनी १९९५ मध्ये टीआयएफआरमधूनच हा प्रश्न धसाला लावला. अडचण अशी होती की आइनस्टाईनच्या समीकरणांत या ब्लॅक होलचं क्षेत्रफळ येतं चक्क शून्य. सेन म्हणाले, शून्याजवळ ती समीकरणंच पुरी पडत नाहीत, तारेच्या लांबीएवढ्या अंतरावर ब्लॅक होलची सीमा धरा. तशी धरली आणि वर्गमूळ बरोब्बर आलं. फक्त पुढचा आकडा, तो ४ पाय, हाती लागला नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९६ मध्ये, अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कमरुन वफा यांनी वेगळं, मोठं ब्लॅक होल निवडलं, ज्याचं क्षेत्रफळ शून्य नाही. ते पाच मितींतलं होतं आणि तारांबरोबर डी-ब्रेन नावाच्या पडद्यांसारख्या वस्तूंनी बनलेलं, ज्यांचं महत्त्व जो पोल्चिन्स्कीने काही महिने आधीच दाखवलं होतं. मोजणी केली तर हॉकिंगचा तो पाव भाग, पाव सकट, जसाच्या तसा आला! मोजणी गुरुत्वाकर्षण अगदी कमी ठेवून केली होती, ब्लॅक होल बनायच्या आधी, पण या खास ब्लॅक होलांत सुपरसिमेट्री नावाची शिस्त असते, तिच्यामुळे आकडा बदलत नाही, कणकेचा गोळा असो की लाटलेली पोळी, वजन तेवढंच. त्याच वर्षी मुंबईतून अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया, तसंच मुंबईतलेच सुमित दास आणि तेव्हा अमेरिकेत असलेले समीर माथुर, यांनी ब्लॅक होल कण कसे गिळतं आणि बाहेर टाकतं याचेही हिशोब केले. टीआयएफआरच्या कुलाब्यातल्या कॅम्पसमध्ये तेव्हा जगातल्या सगळ्यात पुढच्या कामापैकी काही चालू होतं, हे मुंबईतल्या किती लोकांना माहीत असेल?

राहिलेला ४ पाय मिळाला २००४ मध्ये, दाभोलकरांना. त्यांनी आइनस्टाईनच्या समीकरणांत स्ट्रिंग थिअरीतून येणाऱ्या दुरुस्त्या घातल्या, शून्य असलेलं क्षेत्रफळ फुगून आकाराला आलं, आणि एन्ट्रॉपी आली ४ पाय गुणिले वर्गमूळ. गंमत म्हणजे इथे ती क्षेत्रफळाच्या पाव नसून अर्धी आहे, कारण दुरुस्त्यांमुळे हॉकिंगचं सूत्रही बदलतं. या चिमुकल्या ब्लॅक होलला खरोखर अशी सीमा असते का यावर तज्ज्ञांमध्ये नंतर वादही झालेत, आणि ते चांगलंच आहे.

एक स्पष्ट सांगायला हवं. आकाशगंगेच्या मध्यावरचं ब्लॅक होल असं कुणी मोजलेलं नाही. मोजलीत ती सगळी आदर्श, शून्य तापमानाची, सुपरसिमेट्रीवाली, आणि सुपरसिमेट्रीचा एकही कण सर्नच्या यंत्रात सापडलेला नाही. स्ट्रिंग थिअरी निसर्गात खरी आहे हे प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही. तरी दोन अगदी वेगळ्या वाटांनी गेलेलं गणित पाव हिश्श्यासकट एकाच उत्तरावर येतं, याला मी योगायोग म्हणू शकत नाही.

मोजदाद अजून चालू आहे. २०१२ मध्ये दाभोलकर, समीर मूर्ती आणि गणितज्ञ डॉन झागिए यांनी चार मितींतली जरा गुंतागुंतीची ब्लॅक होलं मोजायला घेतली. त्या हिशोबात एकटं ब्लॅक होल आणि एकमेकांना धरून असलेली दोन ब्लॅक होलं मिसळलेली असतात, म्हणून त्यांनी जोडीवाला भाग वेगळा काढला. उरला तो रामानुजनने जानेवारी १९२० मध्ये, मद्रासहून, आजारपणात हार्डीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातल्या मॉक थीटा फंक्शन नावाच्या खास श्रेणींच्या कुळातला निघाला.