नागरी फळझाडे

शहरी वस्तीत रस्त्याकडेला, आवारात, कुंपणालगत किंवा पडीक जागेत वाढणारी खाद्य फळांची झाडे. काही मुद्दाम लावलेली, काही पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा थुंकलेल्या बियांतून आपोआप उगवलेली, तर काही शहर पसरण्यापूर्वीच्या बागांतली उरलेली असतात. बागायतीत फळ कोणाचे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. वस्तीतल्या झाडाबाबत तोच आधी उभा राहतो.

रोमन कायद्यात त्याचा विचार झालेला दिसतो. सुमारे इ.स.पू. ४५१-४५० मधला मानला जाणारा ‘बारा फलकांचा कायदा’ मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. मात्र दुसऱ्याच्या जमिनीत गळालेले ‘ग्लान्स’ वेचण्याची झाडाच्या मालकाला मुभा त्यात होती, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. ग्लान्स म्हणजे खरे तर ओकचे फळ, पण रोमन कायदेपंडित गायसच्या मते या शब्दात सगळीच फळे येतात. सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहात (इ.स. ५३३) प्रीटरचा, म्हणजे रोमन न्यायाधिकाऱ्याचा, आदेश उद्धृत केला आहे. त्यात वेचणीसाठी ‘तेर्तिओ क्वोक्वे दिए’ असे लॅटिन शब्द आहेत आणि वाद त्यांच्या अर्थाचा आहे. काहींच्या मते ‘तीन दिवसांच्या आत’. काहींच्या मते ‘दर तिसऱ्या दिवशी’, म्हणजे आपल्या हिशेबाने दिवसाआड, कारण रोमन मोजणीत पहिला दिवसही धरला जाई. दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. फळे हंगामभर थोडीथोडी गळतात. कोणते कोणत्या दिवशी पडले, हे मोजत कोण बसणार?

१९०० पासून लागू असलेल्या जर्मन दिवाणी संहितेचे कलम ९११ उलट दिशेने जाते: शेजारच्या जमिनीवर गळालेले फळ त्या जमिनीचेच. मात्र जमीन सार्वजनिक वापराची असल्यास हा नियम लागू होत नाही. इंग्लंडमध्ये ‘मिल्स विरुद्ध ब्रूकर’ (१९१९) या खटल्यात, हद्दीत आलेली फांदी शेजारी छाटू शकतो, पण तिच्यावरची सफरचंदे झाडाच्या मालकाचीच राहतात, असे ठरले.

रस्त्याकडेच्या फळझाडांचे ठळक उदाहरण स्पेनमधील सेव्हिल शहराचे. तेथील झाडे कडू नारिंगाची आहेत. फळ तोडून तसेच खाण्याजोगे नसल्याने ते मुख्यतः मार्मालेडला, म्हणजे सालीसकट केलेल्या मुरंब्याला, जाते. नारिंग अरबांनी इबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालात) आणले, हे बहुतेकांना मान्य आहे; काळ साधारणतः दहाव्या शतकाच्या आसपासचा धरतात. २०२१ मध्ये तेथे गळालेल्या फळांपासून मिथेन व त्यातून वीज मिळवण्याचा प्रयोग सुरू झाला. नारिंग ओळखायला पान पुरेसे आहे: देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पाख (पंखासारखी पातळ कड) असते, गोड संत्र्यात ती चिंचोळी असते. गोड संत्र्याच्या कलमासाठी नारिंगाचा खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधतात तो मुळांसकटचा खालचा भाग, वापरतात. दुर्लक्षित आवारात वरचे कलम मरते, सांध्याखालचे धुमारे झाड होतात आणि ‘पूर्वी गोड होते, आता कडू झाले’ अशी तक्रार ऐकू येते. झाड बदललेले नसते, खुंट वर आलेला असतो.

नगरपालिका रस्त्यासाठी फळझाडे सहसा टाळतात. पडलेल्या फळांनी पदपथ निसरडा होतो, माश्या व गांधीलमाश्या जमतात. गिंको या वृक्षाच्या मादी झाडाच्या बियांवरील मांसल आवरणात ब्युटिरिक आम्ल असून त्याला आंबूस दुर्गंधी येते, म्हणून नर झाडांची कलमे लावण्याची पद्धत आहे.

जुन्या रंगातून आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून शहरी मातीत शिसे साचलेले असू शकते. फळात ते पालेभाज्यांच्या मानाने कमी उतरते. सालीवरची धूळ धुतल्यास बरीच निघून जाते.