महापालिकेची मुदत आणि निवडणुकांचे चक्र (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते. ही पाच वर्षे मतदानाच्या किंवा निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर नव्या सभागृहाच्या पहिल्या सभेसाठी नेमलेल्या तारखेपासून मोजतात. मुंबईत २१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झाले, २३ ला निकाल लागला, पण पहिली सभा भरली ८ मार्चला. म्हणून मुदत संपली ती ७ मार्च २०२२ ला. नगरसेवकपद, महापौरपद, समित्या हे सगळे या एका तारखेला टांगलेले असते.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीपूर्वी राज्य सरकार ही मुदत वाढवू शकत असे. मुंबईत १९८५ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. आता कलम २४३-यू नुसार पाच वर्षे म्हणजे पाचच, एक दिवसही जास्त नाही. मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. सभागृह मध्येच बरखास्त झाले तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची आणि नव्या सभागृहाने फक्त उरलेला काळ पुरा करायचा. उरलेला काळ सहा महिन्यांहून कमी असेल तर निवडणुकीची सक्ती नाही. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या नगरसेवकालाही उरलेलीच मुदत मिळते.

घटनेने सभागृहाचा शेवट पक्का बांधला खरा. पण निवडणूक वेळेवर झाली नाही तर जुने सभागृह जाते, नवे येत नाही आणि कारभार प्रशासकाकडे जातो. महाराष्ट्रात प्रशासक म्हणजे बहुधा आयुक्तच. मग सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एकाच खुर्चीत जमा होतात. २०२३ मध्ये मुंबईचा अर्थसंकल्प प्रशासनाने मांडला तो प्रशासकापुढेच. पूर्वी लांबलेल्या निवडणुकीचा लाभ खुर्चीतल्या नगरसेवकांना होई, आता तो मंत्रालयाला होतो.

आतल्या पदांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. महापौरपद पूर्वी एका वर्षाचे होते, आता अडीच वर्षांचे आहे. म्हणजे एका सभागृहात दोन महापौर. त्यासाठीचे आरक्षण नगरविकास विभाग सोडत काढून ठरवतो. इच्छुक फार झाले की पक्ष अडीच वर्षांचेही दोन भाग करतात. ‘सव्वा वर्षाचा महापौर’ कायद्यात कुठेही नाही. ठरल्याप्रमाणे राजीनामा घेऊन तो घडवला जातो. राजीनामा देणाऱ्याने पाय मागे घेतला तर पक्षाच्या हातात मनधरणीशिवाय फारसे काही नसते. उलट मुदतवाढही होते. २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीमुळे महापौरांना तीन महिने वाढवून मिळाले. सभागृहाची पाच वर्षे त्यामुळे हलली नाहीत, पुढच्या महापौराचेच तीन महिने गेले.

१९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणते आठ जायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. सभापती वर्षासाठी असतो. मुंबईचा कायदा १८८८ चा, तिथली समिती मोठी. पण निम्म्यांनी बाहेर पडायचे तत्त्व तेच. आयुक्त मात्र निवडून येत नाही. सरकार त्याला एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी नेमते. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर त्याला परत बोलावले पाहिजे, असे कायदा म्हणतो. नवी मुंबईत २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला होता. राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली.

निवडणूक लांबते ती बहुतेकदा प्रभागरचनेत. जनगणनेतले प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेले लहान भाग) न फोडता, सरासरी लोकसंख्येच्या दहा टक्के कमी-अधिक मर्यादेत प्रभाग बसवायचे असतात. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून, शेवट दक्षिणेला. नंतर प्रारूप जाहीर होते, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, अंतिम रचना निघते आणि मग आरक्षणाची सोडत. विधानसभेच्या यादीचे तुकडे करून प्रभागांच्या मतदारयाद्या बनतात. या कापाकापीत एखाद्या सोसायटीची अर्धी नावे रस्त्यापलीकडच्या प्रभागात जाऊन पडतात, आणि प्रारूप यादीवरच्या हरकतींत सर्वाधिक याच असतात. एका प्रभागात किती नगरसेवक, हे विधिमंडळ ठरवते, आणि तिथे स्थैर्य नावालाही नाही. मुंबई सोडून इतरत्र २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. सदस्यसंख्या बदलली की सगळी रचना पुन्हा पहिल्यापासून. मार्च २०२२ मध्ये तर रचनेचे अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने आपल्याकडे घेतले. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ आणि सत्ताबदलानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ झाल्या.

याला ओबीसी आरक्षणाची जोड मिळाली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी घातली: स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, प्रत्येक स्थानिक संस्थेसाठी आरक्षणाचे वेगळे प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. यासाठी राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने मान्य केला, पण ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला आणि निवडणुका तिथेच अडकल्या. २००६ मध्येच, किशनसिंग तोमर खटल्यात, घटनापीठाने पाच वर्षांची मर्यादा पाळलीच पाहिजे असे सांगितले होते. दंगल किंवा नैसर्गिक आपत्ती यांसारखा प्रसंग हाच अपवाद. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर यांच्या मुदती २०२० मध्ये संपल्या होत्या. तिथे सुरुवातीला करोनाची अडचण खरी होती. पुढची वर्षे मात्र प्रभाग आणि आरक्षणाच्या वादात गेली.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीची ओबीसी आरक्षणाची स्थिती धरून चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. नंतर अंतिम मुदत ३१ जानेवारी २०२६ ठरली. २०११ च्या जनगणनेवर आणि १ जुलै २०२५ च्या मतदारयादीवर २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला एकाच दिवशी झाले. जालना आणि इचलकरंजी यांची महापालिका म्हणून ही पहिलीच निवडणूक.

पूर्वी हे चक्र विखुरलेले होते. २०१७ मध्ये फेब्रुवारीत मुंबईसह दहा महापालिका, एप्रिलमध्ये लातूर, परभणी, चंद्रपूर, मे मध्ये पनवेल, भिवंडी, मालेगाव, ऑगस्टमध्ये मीरा-भाईंदर, ऑक्टोबरमध्ये नांदेड. सांगली आणि जळगाव २०१८ च्या ऑगस्टला, धुळे आणि अहमदनगर त्याच डिसेंबरला. आता सगळ्यांची पाच वर्षे थोड्याफार दिवसांच्या फरकाने एकदमच संपतील, कारण प्रत्येक शहराची पहिली सभा जवळपास त्याच सुमारास भरते. पुढच्या खेपेला प्रभागांचा वाद २९ शहरांत एकाच वेळी उभा राहील.