कामाच्या वेळापत्रकात धर्म कुठून आला?

टीममधला एखादा जण म्हणाला, की 'शुक्रवारी सूर्यास्तानंतर मी काम करणार नाही', तर मॅनेजरला वाटतं आता धर्म कामात आला. खरं तर तो आधीपासूनच होता. ज्या आठवड्यावर डेडलाइन आखल्या जातात, तो आठवडाच धर्माने घालून दिलेला आहे.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरांतली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र पेरणीची वेळ हुकू नये म्हणून मुभा दिली. पुढे हा आठवडा मोडूनही पाहिला गेला. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचा. प्रत्येकाला वेगळ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे एकाच घरातल्या माणसांच्याही सुट्ट्या जुळेनात. १९४० मध्ये रविवार परत आला. शनिवारच्या सुट्टीमागेही धर्म आहेच: १९०८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या एका गिरणीने ज्यू कामगारांना शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळता यावा म्हणून ती दिली होती.

मग ज्याचा पवित्र दिवस कॅलेंडरशी जुळत नाही, त्याने काय करायचं? यावर सर्वांत जास्त खल अमेरिकेत झाला. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घातली. १९७२ च्या दुरुस्तीने धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करणं मालकावर बंधनकारक केलं, फक्त त्याच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. बोजा कधी अवाजवी होतो, हे मात्र लिहिलं नव्हतं.

ते ठरलं लॅरी हार्डिसनच्या खटल्यात. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या कॅन्सस सिटीतल्या तळावर तो विमानांच्या सुट्या भागांच्या कोठारात कामाला होता. कोठार वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास चालू. शनिवारी काम करणं त्याच्या श्रद्धेत बसत नव्हतं. पाळ्या सेवाज्येष्ठतेनुसार निवडता येत, म्हणून जुन्या इमारतीत निभावलं. दिवसपाळीसाठी दुसऱ्या इमारतीत गेला आणि ज्येष्ठतेच्या यादीत जवळजवळ तळाला आला. एक सहकारी रजेवर गेल्यावर शनिवारची पाळी त्याच्यावर आली. युनियन ज्येष्ठतेचा नियम मोडायला तयार नव्हती, कंपनी चार दिवसांचा आठवडा द्यायला. तो शनिवारी गेला नाही आणि नोकरी गेली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: नगण्य खर्चापेक्षा जास्त काही सोसावं लागत असेल, तर तो अवाजवी बोजा. माझ्या मते या एका वाक्याने कायद्यातली हवाच काढून घेतली. पण युनियनची अडचणही खोटी नव्हती. एकाला सोडलेला शनिवार दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातोच, आणि टीममधली खरी धुसफूस तिथेच सुरू होते.

ही फूटपट्टी बदलायला २०२३ उजाडलं. जेराल्ड ग्रॉफ हा टपाल कर्मचारी रविवारी पार्सलं वाटायला नकार देत होता. त्याच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं, की व्यवसायाच्या मानाने भरीव वाढीव खर्च होत असेल तरच नकार देता येईल. सहकाऱ्यांना तो धर्म आवडत नाही, ही सबब चालणार नाही. इतरांना जादा काम पडेल एवढं म्हणून थांबायचं नाही. स्वेच्छेने पाळ्या अदलाबदल करता येतात का, हेही पाहायचं.

ब्रिटनमध्ये वाद दिवसांपेक्षा पोशाखावर गाजला. १९८९ च्या कायद्याने बांधकामाच्या जागी पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट दिली, २०१५ मध्ये ती इतर कामाच्या ठिकाणीही लागू झाली.

वेळापत्रक आखणाऱ्याला खरी दमछाक होते ती सरकत्या तारखांनी. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. गेल्या वर्षीचं प्लॅनिंग तसंच उचलून चालत नाही. आठवडेही स्थिर नाहीत. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर नेली. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार दिला, शुक्रवारी नमाजाआधी अर्धा दिवस काम. त्याच देशातल्या शारजा अमिरातीने मात्र शुक्रवार पूर्ण सुट्टीचाच ठेवला. त्यामुळे शेजारच्या दुबईत शुक्रवारी सकाळी सरकारी सही मिळू शकते, शारजात त्यासाठी सोमवारपर्यंत थांबावं लागतं.