गल्लीतलं मैदान नव्याने करून घ्यायचंय? अर्ज कुणाकडे, कोणत्या कागदांसह

दिवाळीच्या आधी किल्ला करायला पोरं माती उकरायला मैदानात जमली, की मोठ्यांचंही तिकडे लक्ष जातं. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, झोक्याची एक साखळी गायब, गणपतीच्या मांडवाचे खड्डे तसेच. पंच मंडळी म्हणतात, नगरसेवकांच्या कानावर घालूया. जरूर घाला, पण सोबत लेखी अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या. निधीच्या यादीत काम येतं ते कागदावरून.

अर्ज लिहायच्या आधी शोधायची गोष्ट एकच, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात: जागा कुणाची? बेळगाव शहरात ती महानगरपालिकेची असू शकते, नगरविकास प्राधिकरणाची म्हणजे बुडाची असू शकते, आणि कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाची. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीसारख्या गावांत ग्रामपंचायत, निपाणीत नगरपालिका, खानापुरात नगरपंचायत. नव्या लेआउटमध्ये घोळ जास्त. नकाशात खुली जागा दाखवलेली असते, पण लेआउट पालिकेकडे हस्तांतरित झालेलाच नसतो. मग पालिका म्हणते बुडाकडे जा, बुडा म्हणतं डेव्हलपरला विचारा. आमच्या भागातल्या मैदानाचा अर्ज असाच चुकीच्या कार्यालयात दिला गेला आणि कुणी सांगितलंही नाही. एक अख्खा उन्हाळा हातचा गेला, म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

शहरात सिटी सर्व्हे कार्यालयातून सीटीएस उतारा, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद काढा आणि लेआउट असल्यास मंजूर नकाशाची प्रत मागा. गावात जमिनीचा उतारा आणि पंचायतीची नोंद पाहा. नकाशा द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा असतो, हे लक्षात ठेवा.

नकाशात ती जागा मैदान किंवा उद्यान म्हणून असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. उद्यानं, क्रीडांगणं आणि खुल्या जागा जपण्यासाठी कर्नाटकात 1985 चा स्वतंत्र कायदा आहे. बंगळूरमधल्या एका उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्द ठरवली, आणि अशा जागेसाठी दाद मागायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे हेही मान्य केलं. अर्जात या दोन्हींचा एका ओळीत उल्लेख करा.

अर्ज कोण करू शकतं? त्या भागातला कोणीही रहिवासी. नोंदणीकृत संस्था लागतेच असं नाही. युवक मंडळ, महिला मंडळ, गल्लीचे पंच यांच्या नावानेही चालतं. मात्र पुढे मैदानाची देखभाल मंडळाने करारावर घ्यायची असेल तर नोंदणी हवी. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा 1960 प्रमाणे त्यासाठी किमान सात सभासद लागतात.

आता लोकांच्या मताचा भाग. माझ्या मते खरं काम इथेच आहे. कंत्राटदाराचा आराखडा आला की सगळीकडे तेच: पेव्हर ब्लॉक, दोन बाकं, रंगीत कमान. पोरांना खेळायला जागाच उरत नाही. म्हणून आराखड्याच्या आधी बैठक घ्या, आणि ती मैदानातच घ्या, संध्याकाळी. बायका स्वयंपाकाच्या वेळेत येत नाहीत, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवा. मुलांना कागद आणि खडू द्या. कुठे क्रिकेट, कुठे खो-खो, लहानग्यांना कुठला कोपरा, हे ती काढून दाखवतात. मुली मैदानात का येत नाहीत, हे मुलींनाच विचारा. बहुतेकदा उत्तर दिव्याचं किंवा कोपऱ्यात बसणाऱ्या टोळक्याचं असतं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला आत येता येईल असं प्रवेशद्वार मागा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूला आहे. आणि गणपतीचा मांडव कुठे पडणार, हे त्याच बैठकीत ठरवा, नाहीतर नवी जमीन पहिल्याच भाद्रपदात खणली जाईल.

मातीचाही विचार व्हावा. शहापूर-वडगाव बाजूची काळी माती पावसात चिकटते, पश्चिमेकडे तांबडी. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर तो खाली दबतो. आधी पाण्याचा निचरा, मग भराव, असं मागणीत स्पष्ट लिहा. जुनं झाड मध्ये येत असेल तर तोडायची मागणी करू नका. 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मे महिन्यात सावली तीच.

बैठकीचं इतिवृत्त लिहा, तारीख घाला, सह्या घ्या. सहीपुढे घर क्रमांक आणि फोन असावा. अर्ज साध्या कागदावर, आयुक्तांच्या नावे. गावात पंचायत विकास अधिकाऱ्याच्या म्हणजे पीडीओच्या नावे. सोबत उतारा, नकाशाची प्रत, तारखेसह सध्याचे फोटो, इतिवृत्त, सह्यांची यादी, मुलांची चित्रं, आणि दोन-तीन अर्जदारांचं ओळखपत्र व घरपट्टीची पावती. एक प्रत नगरसेवकांना, एक वॉर्ड समितीला. गावात हाच विषय आधी वॉर्ड सभेत आणि मग ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्या. ठरावाशिवाय पंचायतीचा पैसा हलत नाही.

भाषेबद्दल विचारणारे पुष्कळ. संविधानाच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणून मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरीही मी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. फाइलवरचा शेरा कन्नडमध्ये पडतो, आणि शेरा लिहिणाऱ्याला आपलं म्हणणं नीट कळावं ही गरज आपली आहे. हक्क सोडायचा नाही, काम अडवायचंही नाही.

अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात गेला तर मार्चच्या आधी अर्थसंकल्पात शिरायची आशा असते. पालिकेकडे पैसा नसेल तर आमदार निधी (वर्षाला 2 कोटी) किंवा खासदार निधी (वर्षाला 5 कोटी) आहे. त्यांची शिफारस लागते आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून येते. जागा सार्वजनिक असल्याचा कागद इथेही पहिला मागतात.

महिनाभर हालचाल नसेल तर आवक क्रमांक घेऊन 1902 या राज्याच्या तक्रार क्रमांकावर नोंद करा. मंजुरी आली की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या आणि आपल्या इतिवृत्ताशी ताडून पाहा: निचरा आहे का, दिवा आहे का, मुलींनी मागितलेला कोपरा आहे का. काम चालू असताना दोघांनी रोज चक्कर मारावी आणि भराव किती जाडीचा पडतोय त्याचे फोटो ठेवावेत, कारण वरचा थर बसला की खाली काय आहे ते कुणालाच दाखवता येत नाही.